पत्ता पाहून उघडणारे दार

वाईला गंगापुरीत मराठी विश्वकोश निर्मिती मंडळाचे कार्यालय आहे. महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली त्याच वर्षी, म्हणजे १९६० मध्ये, साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले. विश्वकोशाचे काम त्या मंडळाने हाती घेतले व पुढे १९८० मध्ये त्यासाठी स्वतंत्र मंडळ झाले. पहिला खंड १९७६ साली निघाला, विसाव्या खंडाचे काम २०१५ साली पुरे झाले. ही तारीखवार माहिती बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते. २०११ पासून हे खंड महाजालावर येऊ लागल्यावर एक वेगळी गोष्ट घडली, तिच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. विश्वकोशाची नोंद उघडताना तुम्ही कोठून आलात हे कोणी विचारत नाही. जत तालुक्यातील शाळेचा संगणक असो, पुण्याच्या विद्यापीठातला असो की न्यू जर्सीतल्या मराठी घरातला असो, नोंद सर्वांना सारखीच दिसते.

आता त्याच शिक्षिकेला नोंद वाचून पुढचा प्रश्न पडला आणि मूळ शोधनिबंध वाचावासा वाटला, असे समजा. निबंधाचे शीर्षक आणि दहा ओळींचा गोषवारा दिसतो. त्याखाली इंग्रजीत अशा अर्थाचा मजकूर असतो की, तुमच्या संस्थेला येथे प्रवेश नाही. शिक्षिकेने आपले नाव सांगितलेले नाही, शिक्षण सांगितलेले नाही, तरी दाराने निर्णय दिला! कारण हे दार माणूस पाहत नाही. ते फक्त पत्ता पाहते. या दाराची परीक्षा करण्यासाठी हा लेख आहे.

प्रथम ते चालते कसे ते पाहू. महाजालावरून जाणारी माहिती लहान लहान पाकिटांत विभागलेली असते आणि प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा असे दोन आकडी पत्ते असतात. सर्व्हर, म्हणजे पाने पुरवणारा संगणक, उत्तर देण्यापूर्वी पाठवणाऱ्याचा पत्ता एका यादीशी ताडून पाहू शकतो. यादीत असेल तर उत्तर, नसेल तर नकार. आज्ञावलीत यासाठी दोन-तीन ओळी पुरतात. एखादी वेबसेवा फक्त ‘आतल्या’ जाळ्यापुरती ठेवायची असेल तर हीच युक्ती वापरतात. यादीत संस्थेचे पत्ते तेवढे लिहायचे.

हे आतले पत्ते आपल्या शाळेतही आहेत. संगणककक्षातल्या एखाद्या संगणकाचा पत्ता शोधून पाहा. तो बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होईल. वाईच्या शाळेत १९२.१६८.१.५ असा संगणक असेल, तर मिरजेच्या शाळेतही तंतोतंत तोच पत्ता असू शकतो आणि दोघांची कधीच गल्लत होत नाही, कारण हे आकडे शाळेच्या बाहेर जातच नाहीत. फेब्रुवारी १९९६ मध्ये महाजालाच्या तंत्रज्ञांनी एका टिपणाद्वारे असे तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले. १० ने सुरू होणारे सुमारे १ कोटी ६७ लाख पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ चे ६५,५३६. बाहेर जाताना शाळेचा राउटर आतला पत्ता काढून त्या जागी शाळेचा एकच सार्वजनिक पत्ता घालतो आणि उत्तर आले की ते ज्याचे त्याला पोहोचवतो.

ही सोय मुख्यत्वे पत्त्यांच्या टंचाईतून जन्मली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. जुन्या पद्धतीत सगळे मिळून सुमारे ४३० कोटीच पत्ते होते. एकच क्रमांक हजारो ठिकाणी वापरता आला तर टंचाई लांबणीवर पडेल, असा हिशेब त्यामागे होता. बाहेरचा माणूस आतल्या संगणकापर्यंत सरळ पोहोचू शकत नाही, हा त्याचा जोडफायदा. पुढे लोकांनी या जोडफायद्यालाच सुरक्षा म्हणायला सुरुवात केली. ‘आतल्या जाळ्यावर आहे ना, मग काही होत नाही’ हे वाक्य आम्ही कार्यालयांतून, महाविद्यालयांतून आणि संशोधनसंस्थांतूनही इतक्या वेळा ऐकले आहे की ते आता एखाद्या म्हणीसारखे झाले आहे.

कुंपणाचा उपयोग नाही असे मात्र नव्हे. २०१७ च्या जानेवारीत काय झाले ते पाहा. मोंगोडीबी नावाची माहिती साठवण्याची एक लोकप्रिय प्रणाली आहे. जगभर हजारो ठिकाणी ती संकेतशब्दाशिवाय चालू ठेवलेली होती आणि महाजालावरून येणाऱ्या कोणालाही उत्तर देत होती. चोरट्यांनी ती माहिती पुसली आणि खंडणीची चिठ्ठी मागे ठेवली. या संस्थांनी प्रणालीला फक्त आतल्या पत्त्यांशी बोलायला लावले असते, तर त्यांच्यापैकी बहुतेक जण वाचले असते. त्याच वर्षाच्या अखेरीस निघालेल्या आवृत्तीत कर्त्यांनी मूळ नियमच बदलला. मुद्दाम सांगितल्याखेरीज प्रणाली ज्या संगणकावर बसवली आहे त्याच्याशीच बोलेल, असे ठरले. शाळेचा छापयंत्राचा संगणक, निकालपत्रकांचा साठा, प्रयोगशाळेतील उपकरणाचे नियंत्रण यांना बाहेरून दार असण्याचे काहीच कारण नाही. ते बंदच हवे.

आमची तक्रार पुढच्या पायरीशी आहे. आतून आला म्हणजे तो आपला, हे गृहीतक चुकीचे आहे. पत्ता ‘कोठून’ याचे उत्तर देतो, ‘कोण’ याचे देत नाही. शाळेच्या वायफायचा संकेतशब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला असतो. वर्ग संपल्यावर मुले तो घेऊन घरी जातात आणि कुंपणाबाहेरच्या कट्ट्यावर बसून वापरतात. पत्त्याच्या दृष्टीने ती मुले आणि मुख्याध्यापक एकच.

याहून सूक्ष्म एक वाट आहे, ती विद्यार्थ्यांना जरूर समजावून सांगावी. निकालपत्रकांची सेवा १९२.१६८.१.५ वर आहे आणि तिला संकेतशब्द नाही, कारण ती ‘आतली’ आहे. शिक्षक त्याच संगणककक्षात बसून बाहेरचे एखादे भलतेच पान उघडतात. त्या पानात दडवलेली सूचना शिक्षकांच्या ब्राउझरला सांगते, १९२.१६८.१.५ कडे जा आणि अमुक नोंद बदल. ब्राउझर आज्ञाधारक आहे. तो जातो. सेवेला दिसतो तो आतल्या संगणकाचा पत्ता आणि ती दार उघडते. चोर कुंपण ओलांडून आलाच नाही. त्याने आतल्या माणसाच्या हातून काम करून घेतले. अलीकडे काही ब्राउझर बाहेरचे पान आतल्या जाळ्याकडे वळू लागले की वापरणाऱ्याची परवानगी विचारू लागले आहेत. सुधारणा चांगली आहे, पण ती घडायला वेबच्या जन्मापासून तीसहून अधिक वर्षे लागली.

महाजालाशी मुळीच न जोडलेले जाळेही याला अपवाद नाही. इराणमधील नतान्झ येथील युरेनियम समृद्धीकरणाच्या यंत्रांना बिघडवणारा स्टक्सनेट हा संगणकी किडा २०१० साली उघडकीस आला. तो पेन ड्राइव्हसारख्या साधनातून आत गेला असावा, असे अभ्यासकांचे निदान आहे.

इतके दूर जायला नको, पुण्याचेच उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेतून दोन दिवसांत ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. ११ तारखेला नकली डेबिट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएम यंत्रांतून पैसे काढले गेले. १३ तारखेला स्विफ्ट या आंतरबँक व्यवस्थेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एटीएममधून आलेली मागणी बँकेच्या मुख्य प्रणालीकडे नेणारा एक मधला दुवा असतो. खात्यात पैसे आहेत का, हे तो विचारून येतो. चोरट्यांनी हानिकारक आज्ञावली आत शिरवून या दुव्याच्या जागी आपला खोटा दुवा उभा केला आणि तो प्रत्येक मागणीला ‘होय, द्या’ असे उत्तर देत राहिला. मुख्य प्रणालीला कोणी काही विचारलेच नाही. आतल्या जाळ्यातून येणारे उत्तर खरेच असणार, या विश्वासावर व्यवहार होत गेले. या प्रकरणात पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये अकरा जणांना दोषी ठरवले.

वाई-मेणवलीचे वाडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे पटकन समजेल. दिंडी दरवाज्याला भक्कम अडसर असे, पण दिंडीतून आत घेतलेल्या प्रत्येकाला तिजोरीपर्यंत कोणी जाऊ देत नसे. चौकाचौकाला दार होते आणि दप्तराच्या खोलीला वेगळे कुलूप. संगणकांच्या जगात हे शहाणपण उशिरा आले. आपल्यावरील मोठ्या हल्ल्याची जाहीर वाच्यता २०१० साली केल्यानंतर गूगलने आतले-बाहेरचे हा भेदच मोडीत काढायला घेतला. प्रत्येक सेवेने प्रत्येक वेळी माणूस आणि त्याचे यंत्र दोन्ही तपासावे, मग तो कचेरीत बसलेला असो वा उपाहारगृहात. २०१४ मध्ये त्यांनी ही रचना प्रसिद्ध केली. २०२० मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेनेही त्याच विचाराचे मार्गदर्शक प्रसिद्ध केले. तात्पर्य एवढेच की ज्यांच्याजवळ खरोखर जपण्यासारखे काही आहे, ते आता नुसत्या पत्त्यावर विसंबत नाहीत.

मग पत्त्यावर अजून विसंबून कोण आहे? शोधनिबंधांचे प्रकाशक आणि त्यांच्याकडून निबंध विकत घेणाऱ्या संस्था. आम्ही एका संशोधनसंस्थेत काम करतो. तेथे टेबलाशी बसून निबंध उघडला की तो लगेच उघडतो, कोणी काही विचारत नाही. संध्याकाळी घरी येऊन तोच निबंध उघडायला गेलो तर दार बंद. बुद्धी तीच, गरज तीच, बदलला तो पत्ता. घरून वाचण्यासाठी संस्थेच्या ओळखीने प्रवेश मिळवण्याची सोय असते, पण त्या ओळखीसाठी आधी संस्थेचे असावे लागते. निवृत्त झालेला प्राध्यापक दुसऱ्या दिवशी बाहेरचा होतो. शाळेचा शिक्षक तर कधी आत नव्हताच.

या पद्धतीचे विचित्रपण एका दुःखद प्रकरणात उघडे पडले. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने आपले जाळे पाहुण्यांनाही खुले ठेवले होते, आणि जेस्टोर हा जुन्या नियतकालिकांचा संग्रह एमआयटीच्या पत्त्यावरून येणाऱ्या प्रत्येकाला उघडत असे. आरन स्वार्ट्झ या तरुणाने २०१० च्या सप्टेंबरपासून पुढच्या जानेवारीपर्यंत त्या जाळ्यावरून चाळीस लाखांहून अधिक लेख उतरवून घेतले. त्यासाठी शेवटी त्याने तारा जोडण्याच्या खोलीत आपला संगणक ठेवला होता. २०११ मध्ये त्याच्यावर खटला भरला गेला आणि जानेवारी २०१३ मध्ये, खटला उभा राहण्यापूर्वी, वयाच्या २६ व्या वर्षी त्याने आपले जीवन संपवले. त्याने केले ते बरोबर की चूक यावर दोन मते आहेत. आमचे म्हणणे एवढेच की दार पत्ता पाहून उघडत होते, माणूस पाहून नव्हे. ज्या दाराने कधी कोणाला नाव विचारले नाही, त्याच्यामागे इतका कठोर कायदा उभा करणे आम्हांला न्याय्य वाटत नाही.

आपल्या देशात या बाबतीत मोठे पाऊल पडले आहे, त्याचे श्रेय द्यायला हवे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला मंजुरी दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था आणि त्यांतील जवळजवळ १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक असा तिचा विस्तार सांगितला गेला. पूर्वी ज्या सरकारी महाविद्यालयात एकही आंतरराष्ट्रीय नियतकालिक नव्हते, तेथे आता हजारो पोहोचली. ही सुधारणा लहान नाही.

तरीही योजनेचे नाव आणि तिची व्याख्या यांत अंतर आहे. लाभ ठरवला तो केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना. नावात राष्ट्र एक आहे, व्याख्येत ते ६,३०० कुंपणांचे आहे. तिच्यात शाळा बसत नाहीत, सार्वजनिक वाचनालये बसत नाहीत आणि विश्वकोशासारखे ज्ञानकोशाचे काम करणारे मंडळही बसताना दिसत नाही.

हे शेवटचे आम्हांला सर्वांत खुपते. विश्वकोश वर्णानुक्रमे निघाला. म्हणून ‘अ’च्या नोंदींना आता पन्नास वर्षे होत आली. ‘प’ वर्णाचे खंड २००६ च्या खूप आधी छापले गेले, आणि त्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढले. कागदावरच्या कोशाची ही अडचण अटळ होती. महाजालावर ती अटळ नाही. मंडळाने अलीकडच्या वर्षांत विषयवार ज्ञानमंडळे नेमून नोंदी नव्याने लिहिण्याचे काम चालवले आहे. पण नवी नोंद लिहायची तर आजचे निबंध वाचायला हवेत. मराठीत विज्ञान लिहिणारे कोण आहेत ते पाहा. निवृत्त प्राध्यापक, शाळांचे शिक्षक, डॉक्टर, अभियंते, परदेशातून परतलेले जाणकार. यांतील बहुतेकांचा पत्ता यादीत नाही. म्हणजे कोशाच्या वाचकासाठी दार सताड उघडे आणि कोशाच्या लेखकासाठी बंद! मराठी नोंद जुनी का, असे विचारताना आपण लेखकाच्या आळसाकडे बोट दाखवतो. बंद दाराकडे फारसे कोणी पाहत नाही.

प्रकाशकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतील, संपादनाला खर्च येतो आणि वाचक मोजल्याशिवाय किंमत ठरवता येत नाही. पत्त्यांची यादी ही मोजणीची सोपी रीत आहे. शिवाय तिच्यात एक गुण आहे, तो आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पत्ता पाहून उघडणाऱ्या दाराला वाचकाचे नाव कळत नाही. कोणी कोणता निबंध किती वेळा वाचला, याची माणसागणिक नोंद होत नाही. प्रत्येकाला नावनिशीवार प्रवेश दिला तर हा आडोसा जातो. वाचनालयात कोण काय वाचते हे वाचनालयाबाहेर जाऊ नये, हा जुना संकेत चांगला आहे आणि तो टिकायला हवा.

म्हणूनच आमची टीका पत्ता तपासण्याच्या तंत्रावर नाही. ते उलट्या जागी वापरले जाते, यावर आहे. तिजोरीचे कुलूप म्हणून ते कच्चे आहे, आणि तेथे आपण त्याच्यावर निर्धास्त झोपतो. वाचनकक्षाचे दार म्हणून ते उत्तम आहे, आणि तेथे आपण त्याचा उपयोग लोकांना बाहेर ठेवण्यासाठी करतो. यादीत विद्यापीठाचा पत्ता घालायला जेवढे कष्ट पडतात तेवढेच साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या नगर वाचनालयाचा पत्ता घालायला पडतील. ब्रिटनमध्ये २०१४ पासून हे करून पाहिले गेले. सार्वजनिक वाचनालयातल्या संगणकावर जाऊन बसणाऱ्या कोणालाही प्रकाशकांनी आपली अनेक नियतकालिके विनामूल्य खुली केली. नाव नाही, पदवी नाही, फक्त वाचनालयात यायचे. दार तेच, यादी थोडी लांब. प्रकाशकांचे दिवाळे निघाल्याचे ऐकिवात नाही.

वेबचाच जन्म आठवा. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये ती सुचवली ती जिनीव्हाजवळच्या सर्न या संस्थेतील माहितीचा पसारा सांभाळण्यासाठी. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने तिची मूळ आज्ञावली कोणालाही विनामूल्य वापरण्यास खुली केली. सर्नने ती आपल्या पत्त्यांपुरती राखली असती, तर विश्वकोश गंगापुरीतून जतला कसा पोहोचला असता कोणास ठाऊक.

तोवर शिक्षकांनी थांबून राहण्याचे कारण नाही. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी १९९६ पासून ‘रेझोनन्स’ हे विज्ञानशिक्षणाचे मासिक काढते आणि त्याचे अंक तिच्या संकेतस्थळावर कोणत्याही पत्त्यावरून वाचता येतात. अकरावी-बारावीच्या शिक्षकांना त्यातून वर्षभर पुरेल इतके मिळेल. भौतिकी व गणितातील निबंधांच्या छपाईपूर्व प्रती १९९१ पासून ‘अर्काइव्ह’ या संग्रहात खुल्या आहेत. आणि बंद निबंधाच्या लेखकाला दोन ओळींचे पत्र लिहिले तर तो बहुधा आपली प्रत पाठवतो. आम्हांला अशी पत्रे येतात आणि ती आली की आनंदच होतो. शाळेच्या छापील पत्त्याच्या कागदावर विचारले तर फारच उत्तम, पण त्यावाचूनही अडत नाही.

आणि योजनेची मुदत २०२७ अखेर पुरी होते. त्यानंतरच्या करारात वाचनालयांचे पत्ते यादीत असावेत, अशी मागणी मुख्याध्यापक संघांना, वाचनालयांच्या कार्यकारिणींना आणि विश्वकोश मंडळाला आत्ताच लेखी करता येईल. करार एकदा झाला की पुन्हा काही वर्षे तो उघडत नाही.